चांद्याचा परकोट : बालेकिल्ल्यावाचून दुर्ग

चंद्रपूर शहर पाहावयास आलेला पाहुणा जटपुरा दरवाजापाशी क्षणभर थांबतो, कमानीवरील शिल्पाकडे पाहतो आणि मग बहुधा एकच प्रश्न करितो : हा तर वेशीचा दरवाजा झाला, किल्ला कोठे आहे? त्यास उत्तर द्यावे तरी कसे, असा पेच स्थानिक मनुष्यास पडतो. कारण दाखविण्याजोगा उंच मनोरा नाही, टेकडी नाही, बालेकिल्ला म्हणून बोट दाखवावे असे स्थळ नाही. आहे तो सुमारे ११ किलोमीटर लांबीचा तट, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. ‘नुसती भिंत आहे,’ असे म्हणून पाहुणा निघून जातो. या ‘नुसती’ शब्दात जो निकाल दडलेला आहे तो तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. हा निकाल केवळ पाहुण्यांपुरता राहता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जी वस्तू नुसती भिंत ठरते ती रस्त्याच्या आड आली की फोडावी, असेही मग सहज ठरते.

या प्रश्नामागे दुर्गाची एक ठरावीक कल्पना असते. तिचे एक मूळ सह्याद्रीच्या गडांत आहे. रायगडासारख्या गडावर बालेकिल्ला हे अंतिम व सर्वोच्च स्थान असते व बाकीची रचना त्याच्या भोवती व त्याच्या खाली येते. दुसरे मूळ मात्र इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून आलेले आहे. ‘कॅसल’ म्हटले की चौकोनी, काळपट, खिडक्यांवाचूनचा एक प्रचंड दगडी बुरूज आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हा बुरूज कोणी, कशासाठी बांधला याची चौकशी केली असता चांद्याच्या तटाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, म्हणून प्रथम थोडे त्या परदेशात जाऊन येऊ.

सन १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. जेते थोडे, जित पुष्कळ, आणि भाषा दोघांची निराळी. अशा स्थितीत प्रत्येक महत्त्वाच्या गावी आधी मातीचा उंच ढिगारा रचून त्यावर लाकडी बुरूज उभारण्याचा सपाटा नॉर्मनांनी लावला. बायो येथील सुप्रसिद्ध भरतकामाच्या पटात हेस्टिंग्ज येथील असा ढिगारा रचणारे मजूर दिसतात. त्याच पटात दिनान येथील लाकडी कोटास मशालींनी आग लावणारे सैनिकही दिसतात. लाकडाचा हा दोष ओळखून पुढे दगडी बुरूज आले. लंडनचा ‘व्हाइट टॉवर’ हा त्यांतील आद्यांपैकी एक. त्याचे काम १०७० नंतरच्या दशकात सुरू झाले व त्यावर रॉचेस्टरचा बिशप गुंडल्फ याची देखरेख होती. लांबी-रुंदी सुमारे ३६ व ३२ मीटर, उंची सुमारे २७ मीटर, पायथ्याशी भिंतीची जाडी साडेचार मीटरांपर्यंत. कोपरे व चौकटी यांसाठी लागणारा घडीव दगड समुद्र ओलांडून नॉर्मंडीतील कां येथून आणविला. तळमजला कोठारांचा, आणि त्यास बाहेरून दारच नाही. दार पहिल्या मजल्यावर, त्यास बाहेरून लाकडी जिना, म्हणजे प्रसंग पडताच जिना काढून टाकावा की बुरूज जगापासून तुटला. वरच्या मजल्यांवर दरबार, शयनगृहे आणि सेंट जॉनचे प्रार्थनामंदिर.

या रचनेत एक गोष्ट ध्यानी येण्यासारखी आहे. शत्रू समुद्रापलीकडून येणार या भयाने ती झालेली नाही, शत्रू कोटाच्या दाराशीच राहतो या भयाने झालेली आहे. भोवतालची वस्ती हीच संशयास्पद. १०८६ च्या ‘डूम्सडे’ नावाच्या सरकारी मोजणीत लिंकन शहरी कॅसलच्या बांधकामापायी १६६ घरे नाहीशी झाल्याची नोंद आहे. प्रजेची घरे पाडून तीवर नजर ठेवणारा बुरूज बांधावयाचा, आणि त्यात स्वतःस कोंडून घ्यावयाचे! बुरुजाच्या भिंतींनी जितकी जागा वेढली ती अवघी पाव एकराहून थोडी अधिक. त्याच्या चारही बाजूंची बेरीज सुमारे १३६ मीटर होते, आणि चांद्याचा परकोट त्याच्या ऐंशीपट भरतो. ही तुलना थोरवी ठरविण्यासाठी नव्हे. एकाने काय वेढले व दुसऱ्याने काय वेढले, एवढेच तीवरून पाहावयाचे आहे.

आपल्याकडील शास्त्रात दुर्गाची व्याख्याच वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली शामशास्त्र्यांनी प्रसिद्ध केले तेव्हापासून दुर्गविधानाचे प्रकरण सर्वांस उपलब्ध आहे. त्यात औदक, पार्वत, धान्वन व वन असे चार दुर्ग सांगून पुढे नगरदुर्गाची आखणी दिली आहे. प्रथम एकाबाहेर एक असे तीन खंदक, रुंदी अनुक्रमे १४, १२ व १० दंड. खंदकाची माती आत टाकून तिचा सहा दंड उंच वप्र करावयाचा व तो हत्ती आणि बैल यांच्या पायांखाली तुडवून घट्ट बसवावयाचा. वप्रावर विटांचा किंवा दगडाचा प्राकार, आणि प्राकारावर ३० दंडांच्या अंतराने अट्टालक, म्हणजे आजच्या भाषेत बुरूज. दंड सहा फुटांचा धरल्यास दोन बुरुजांत १८० फूट पडतात, म्हणजे कोणत्याही बुरुजावरील धनुर्धराचा बाण शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी पोचावा. लाकडाचा प्राकार करू नये, अग्नी त्यात दबा धरून बसलेला असतो, असेही कौटिल्य बजावतो. दिनानच्या मशाली पाहिल्यावर हा इशारा नॉर्मनांस कोणी ऐकविला असता तर बरे झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

परंतु आपल्या विषयास उपकारक असा मुद्दा पुढचा आहे. राजगृहाचे स्थान कौटिल्य वास्तूच्या मध्याच्या उत्तरेस नवव्या भागात देतो व त्याभोवती चारही वर्णांची, कारागिरांची, देवतांची व व्यापाऱ्यांची वस्ती क्रमाने मांडतो. अंतःपुराला स्वतंत्र प्राकार व खंदक तो अवश्य सांगतो, राजाच्या जिवास घरातूनच भय असते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक! तथापि दुर्ग म्हणजे हे सगळे मिळून. राजाचे घर हे दुर्गातील एक घर, तोच दुर्ग नव्हे. मनूने सातव्या अध्यायात सहा दुर्ग गणताना त्यांत नृदुर्गाची, म्हणजे माणसांच्या दुर्गाची, गणना केली आहे, तीही याच दृष्टीची.

गोंड राजांनी कौटिल्य वाचून चांदा वसविला असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंपरा चालत येते ती पाथरवटांच्या हातांतून, पोथ्यांतून नव्हे. चांद्याची परंपरा मेजर ल्यूसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी-अहवालात नमूद झाली व पुढील सर्व लेखकांनी ती तेथूनच घेतली. बल्लारपुरास राहणारा खांडक्या बल्लाळशाह अंगावरील गळवांनी पीडित होता. झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने त्यास गुण आला व तेथेच अंचलेश्वराचे स्थान सापडले. पुढे शिकारीस गेला असता कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला त्याने पाहिला. राणीने सल्ला दिला की, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधावा. परंपरा असेही सांगते की आखणीचे काम तेलठाकुरांकडे दिले आणि तट पुरा होण्यास राजांच्या अनेक पिढ्या लागल्या. खांडक्याने आखला, हीरशाहाने वाढविला, धुंड्या रामशाहाच्या कारकिर्दीत पूर्ण झाला, असा क्रम सांगतात.

ससा आणि कुत्रा यांची कथा चांद्याची एकट्याची नव्हे. विजयनगरास ती सांगतात, अहमदाबादेसही सांगतात. तेव्हा तीत इतिहास शोधू नये. राजांच्या कारकिर्दींची परंपरागत वर्षेही जपूनच घ्यावीत. बाबाजी बल्लाळशाहाचा उल्लेख ऐन-इ-अकबरीत येतो तेथपासून आपल्या पायांखाली काहीशी घट्ट जमीन लागते. मात्र कथेत बांधकामाविषयी एक खरी गोष्ट शिल्लक राहिली आहे, ती टाकून देण्यासारखी नाही. तट सरळ रेषेत किंवा भूमितीच्या आकृतीत नाही, तो वळणे घेत धावतो. धावत्या सशाची वाट हे त्याचे लोकांनी केलेले स्पष्टीकरण. खरे स्पष्टीकरण जमिनीत आणि पाण्यात शोधावे लागते.

शहराच्या पश्चिमेस इरई, पूर्वेस व दक्षिणेस झरपट, आणि दक्षिणेकडे दोहोंचा संगम. संगमाच्या बेचक्यात गाव. उन्हाळ्यात या नद्या पाहणारास त्यांचे भय वाटणार नाही. परंतु पावसाळ्यात इरईस फुगवटा येऊन पाणी पठाणपुरा दरवाजाबाहेरील सखल भाग गिळते, हे चंद्रपूरकरांनी २००६, २०१३ व २०२२ साली अनुभविले आहे. तट कोठे वळतो व कोठे उंच होतो हे नदीकडे पाठ करून समजणारच नाही. ज्या भिंतीस तोफांचा मारा क्वचित एखाद्या पिढीत सोसावा लागला, तीस पुराचे पाणी पावसाळ्यामागून पावसाळे सोसावे लागले. ती अर्धी तट व अर्धी बांध आहे, असे माझे मत आहे. दरवाजे चार दिशांस : उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, पश्चिमेस बिनबा. खिडक्या पाच : हनुमान, विठोबा, बगड, मसण व चोर. ही नावे पाहा. एकीतून देवास जावयाचे, एकीतून मसणात, आणि एकीचे नाव तर उघडच चोराचे. व्हाइट टॉवरला दार एक, तेही जमिनीपासून उंच. नऊ वाटा उघड्या ठेवणारा बांधणारा काही निराळाच विचार करीत होता.

तटाची उंची सर्वसाधारणपणे १५ ते २० फूट. हा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा देश नव्हे. गोंडवनाचा वालुकाश्म येथे हाताशी आहे, कोळशाच्या थरांचाच तो शेजारी. बाहेरून घडीव चिरे, वर चर्या आणि आतून तटावर फिरावयाची फांजी. आत किती जागा घेतली याची कल्पना यावरून येईल की, एकोणिसाव्या शतकातील वर्णनांतही तटाच्या आत शेते व तुटक खेडी असल्याचे नमूद आहे. रामाळा तलावही तटाच्या आतच. शेत, तळे, देऊळ, बाजार आणि राजवाडा, सर्व एका रेषेच्या आत. वेढा पडला असता ही रेषा लांब असल्याने राखण्यास कठीण, पण आतील माणसे भुकेने व तहानेने चटकन मरणार नाहीत. नॉर्मन वास्तुकारासही पाण्याची हीच चिंता होती. रॉचेस्टरच्या बुरुजात, जो ११२७ नंतर कँटरबरीच्या आर्चबिशपने बांधविला, विहिरीची नळी मधल्या भिंतीतून थेट वरच्या मजल्यापर्यंत नेली आहे, म्हणजे प्रत्येक मजल्यावर पोहरा सोडता यावा. एकाने विहीर बुरुजात घेतली, दुसऱ्याने तळे तटात घेतले.

बळ कोठे एकवटले आहे हे पाहू गेल्यास नॉर्मन दुर्गात ते मध्यभागी सापडते, चांद्यास ते कडेला, दरवाजात सापडते. दोन्ही अंगांस भक्कम बुरूज, मध्ये कमान. बल्लारपूरचा वर्धेकाठचा किल्ला हे याच घराण्याचे काम असून तेथे एकापुढे एक असे दोन दरवाजे परस्परांशी काटकोनात बसविले आहेत. आत येणारास पहिला दरवाजा ओलांडताच वळावे लागते. हत्तीच्या धडकेने दार फोडावयाचे तर त्यास धावण्यास जागा हवी, ती या वळणाने काढून घेतली. जिना काढून टाकणे ही एक युक्ती, वाट मोडणे ही दुसरी. पहिलीत आपला हत्तीही आत येऊ शकत नाही. हत्ती आणि धान्याच्या गाड्या ज्या राज्यात नित्य आत-बाहेर करणार, तेथे दार जमिनीवरच असले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडास तर, जेथील हिऱ्यांच्या खाणीची कीर्ती ऐन-इ-अकबरीपर्यंत पोचली होती, खंदक, तट आणि भोवती अरण्य असा योग आहे. शास्त्रातील वनदुर्गाचे उदाहरण विद्यार्थ्यांस दाखवावयाचे तर मी तेथे नेईन. तेथेही सर्वांवर मान उंचावणारा राहता बुरूज नाही.

चांद्याच्या दरवाजांवर हत्तीस दाबून उभा असलेला सिंह कोरलेला आहे. गोंड राजांचे राजचिन्ह म्हणून तो ओळखला जातो, व त्याचे नाना अर्थ लावले जातात. अमुक सत्तेवर तमुक सत्तेने मिळविलेला विजय वगैरे. असल्या अर्थांस पुरावा नाही. गजशार्दूलाची आकृती देवळांच्या भिंतींवर शतकानुशतके चालत आलेली आहे, आणि हत्ती मारणाऱ्या सिंहाचा माग काढणारे वनवासी किरात तर कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात उभे केले आहेत. अरण्याच्या राजाने अरण्यातीलच चिन्ह दारावर कोरले, इतके म्हणणे पुरे. विशेष इतकाच की, ते कोरले दारावर, जेथून बाजारास येणारा कुणबी व विणकर रोज जातो.

येथवर वाचून कोणी असे समजेल की गोंड राजे प्रजेचे केवळ मायबाप होते व नॉर्मन तेवढे जुलमी. तसे मला म्हणावयाचे नाही. वेस आली म्हणजे जकात आली, आणि तट बांधणाऱ्या मजुरांस पुरेशी मजुरी मिळाली की नाही हे दगड सांगत नाहीत. शिवाय बालेकिल्ल्यावाचूनच्या दुर्गास एक जबर किंमत मोजावी लागते, तीही सांगितली पाहिजे.

सन १२१५ मध्ये जॉन राजाने रॉचेस्टरला वेढा दिला. बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली सुरुंगाचे भुयार खणून, आतील लाकडी टेकू डुकरांच्या चरबीने पेटवून त्याने तो कोपरा पाडला. तरीही आतील लोक मधल्या आडव्या भिंतीच्या पलीकडे सरकले व लढत राहिले. अखेर उपासमारीने शरण आले. भिंतीमागे भिंत असण्याचा हा लाभ. चांद्यास मे १८१८ मध्ये काय झाले? १७५१ पासून हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे होते, व आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने किल्लेदार गंगासिंग शहर राखून होता. कर्नल अ‍ॅडम्स तोफा घेऊन आला, मोर्चे बांधून त्याने तटास खिंडार पाडले, आणि २० मे रोजी हल्ला करून आत शिरला. गंगासिंग त्या लढाईत कामी आला, शहर त्याच दिवशी पडले. इतक्या लांब तटावर माणसे पुरणार किती, आणि एक जागा फुटल्यावर मागे सरावयाचे कोठे? मागे घरेच होती. पहिली रेषा हीच शेवटची रेषा, हा या दुर्गाचा गुणही आहे आणि त्याचे मरणही.

पुढे नागपूरचे राज्य खालसा झाले, इंग्रजांचा अंमल बसला, आणि नव्या राज्यकर्त्यांस शहराच्या पोटात एक बंदिस्त जागा हवीशी झाली. गोंड राजांच्या राजवाड्याच्या आवारात तुरुंग आला. तेथेच २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांस फाशी देण्यात आले. मूळ बांधणारांनी जे शहरात केले नव्हते ते अशा रीतीने परक्यांनी केले, आपल्यापुरता आतला कोट केला. व्हाइट टॉवरचीही पुढे तुरुंग म्हणूनच ख्याती झाली. ११०० साली तेथे रानुल्फ फ्लँबर्ड नावाचा बिशप कोंडला गेला, आणि दारूच्या पिंपातून दोर मागवून पुढच्याच वर्षी खिडकीतून उतरून पळाला. चांद्याच्या तुरुंगातील त्या कैद्यास अशी खिडकी लाभली नाही.

आता वर्तमानाकडे. परकोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१७ साली इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्यावर माजलेली झाडेझुडुपे काढण्याचे काम हाती घेतले आणि ते दीर्घकाळ नेटाने चालविले. त्यामुळे कित्येक वर्षे झाकून गेलेली फांजी पुष्कळ ठिकाणी पुन्हा मोकळी झाली व तटावरून चालत जाणे शक्य झाले. दुसऱ्या बाजूस जटपुरा दरवाजाच्या एका कमानीतून सारी वाहतूक कोंबली जाते. तेथे होणारी कोंडी खरी आहे, नागरिकांचा त्रास खरा आहे, आणि तटास आणखी वाट पाडावी ही मागणीही वेळोवेळी होते. या मागणीस ‘वारसा’ हा शब्द उच्चारून उत्तर देता येत नाही. वळणरस्ते, एकेरी वाहतूक, जुन्या खिडक्यांचा उपयोग या गोष्टींचा विचार आधी झाला पाहिजे. नऊ वाटांची योजना मूळ आराखड्यातच आहे. नॉर्मन दुर्गात बाहेरचा तट गेला तरी बुरूज उरतो व लोक त्यास किल्ला म्हणतात. येथे तट गेला तर मागे दाखवावयास काहीही उरणार नाही, कारण येथे तोच किल्ला आहे.

तूर्त अभ्यासकांनी करण्याजोगे काम मोजणीचे आहे. प्रत्येक बुरुजाचे परस्परांतील अंतर, तटाची उंची आतून व बाहेरून, चर्यांचे प्रकार, चिऱ्यांवर पाथरवटांच्या खुणा असल्यास त्या, आणि मागून झालेल्या डागडुजीचे सांधे, हे सर्व पायी फिरून एका नकाशावर यावयास हवे. त्यावरून परंपरेने सांगितलेले बांधकामाचे टप्पे खरे की काय हेही कळेल. विशेषतः बिनबा दरवाजापासून पठाणपुऱ्यापर्यंतचा नदीकडील भाग आधी घ्यावा, कारण पुराचे पाणी प्रथम तेथेच लागते आणि चिरे निसटतात ते तेथून.